एक जूनचा भाग्यांक

धानोरा, ता. नंदुरबार
१० नोव्हेंबर २०२४

चि. निशा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तुझ्या वडिलांनी फोन माझ्या कानाशी धरला खरा. परंतु उजवा कान आता पूर्ण गेला आहे, आणि डाव्याला देवळातील घंटेपलीकडे फारसे काही कळत नाही. तू काय बोललीस ते तुझ्या आजीने पाटीवर लिहून दाखवले. ‘ईश्वर वसावे. काठी गावाकडचा. लग्न करायचे म्हणते.’ अशा विषयाला पाटी पुरत नाही, म्हणून हे पत्र.

मुलगा मला अपरिचित नाही. तळोद्याच्या वर डोंगरात ज्या आश्रमशाळेचा मी एकोणीस वर्षे मुख्याध्यापक होतो, तेथेच तो बाज्या वसावेचा मुलगा शिकला. बुद्धी चांगली, वर्तन नम्र. आज तो अभियंता आहे याचा मला आनंदच आहे. जातीपातीचा विचार माझ्या मनाला शिवत नाही, हे तुला सांगावयास नको.

परंतु तुझ्या वडिलांनी, नवनीतने, त्याच्या दाखल्यावरील तारीख मला आणून दिली. एक जून एकोणीसशे पंच्याण्णव. अंकांची बेरीज एकतीस. तीन आणि एक, चार. तुझी सतरा ऑक्टोबर एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. बेरीज छत्तीस, म्हणजे नऊ. चार आणि नऊ हे भाग्यांक एका घरात नांदत नाहीत, असे माझ्या गुरूंच्या हस्तलिखित वहीत स्पष्ट आहे. पन्नास वर्षे मी या वहीवरून विवाह जुळवीत आलो. ती चुकलेली पाहिली नाही.

त्यांच्यात मुलीकडचा वडीलधारा माणूस पंचांत येऊन बसल्यावाचून लग्न ठरत नाही, असे तू म्हणालीस. मी बसणार नाही. आणि माझ्या हयातीत नवनीत माझ्या जागी जाऊन बसेल, असे मला वाटत नाही.

प्रकृतीस जप. रोज संध्याकाळी स्तोत्र म्हणतेस ना?

तुझा हितचिंतक,
नाना

—

पुणे
२४ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप नानांस निशाचा साष्टांग नमस्कार.

पत्र मिळाले. त्यावर लगेच काही लिहीत नाही. लिहिले तर शब्द वेडेवाकडे जातील, आणि ते तुम्हाला आवडत नाही.

आज वेगळ्याच कारणासाठी लिहिते आहे. जानेवारीत एका कंपनीची परीक्षा आहे. तिच्या सरावात एक कोडे आले, आणि ते पाहताच तुमची आठवण झाली. एक संख्या देतात. ती एकापुढे एक अशी लाख वेळा लिहायची. जी अवाढव्य संख्या तयार होईल तिच्या सर्व अंकांची बेरीज करायची, आलेल्या बेरजेच्या अंकांची पुन्हा बेरीज, असे एकच अंक उरेपर्यंत. तो अंक संगणकाने सांगायचा.

मी सांगितले तसेच केले. संख्या खरोखरच लाख वेळा लिहायला लावली. संगणकाची स्मृती भरून गेली आणि तो थांबला. मग तुकडे पाडले, तर वेळ संपली. दोन रविवार यात गेले.

तुम्ही तर हीच क्रिया बोटांवर करता. काही जवळची वाट आहे का?

आजीला नमस्कार.

निशा

—

धानोरा
२ डिसेंबर २०२४

चि. निशा हिस आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. इतक्या दिवसांत कोणी मला काही विचारले नव्हते. लोक येतात ते मुहूर्त विचारायला. तुझी आजी चुलीपाशी बसून म्हणाली, “पोर हुशार शे. ती तुम्हले इचारी ऱ्हायनी, आन तुम्ही फुगी ऱ्हायनात.” असो.

तुझी चूक अशी की, जे लिहिण्याची गरज नाही ते तू लिहायला लावलेस. समज, संख्या दोनशे चौऱ्याहत्तर आहे आणि ती पाच वेळा लिहायची आहे. एकदाच बेरीज कर: दोन, सात आणि चार, तेरा. तीच बेरीज पाच वेळा येणार, तेव्हा तेराला पाचने गुण. पासष्ट. सहा आणि पाच अकरा. एक आणि एक दोन. उत्तर दोन. पाचच्या जागी लाख असले तरी रीत तीच.

याहूनही जवळची वाट आहे. दहातून एक काढला की नऊ राहतात, शंभरातून एक काढला की नव्याण्णव, हजारातून काढला की नऊशे नव्याण्णव. हे सारे नवाने निःशेष भागले जातात. म्हणून कोणत्याही संख्येला नवाने भागून जो शेष उरतो, तोच तिच्या अंकांच्या बेरजेतूनही उरतो. आमचे गुरुजी मोठ्या गुणाकाराचा ताळा याच रीतीने पाहत असत. याला ते ‘नऊ टाकणे’ म्हणत. तेव्हा बेरजाही करू नकोस. दिलेल्या संख्येचा नवाने शेष काढ, वेळांच्या संख्येने गुण, पुन्हा नवाने शेष काढ. संपले.

तू शास्त्राकडे वळलीस याचे समाधान वाटते. ज्याच्यापाशी ही दृष्टी आली त्याला पुढचेही आपोआप उमगते.

नाना

—

पुणे
१५ डिसेंबर २०२४

तीर्थरूप नानांस साष्टांग नमस्कार.

तुमच्या रीतीने तीन ओळींत काम झाले. डोळा मिटण्याच्या आत उत्तर येते. कंपनीने तपासणीसाठी वीस उदाहरणे दिली आहेत. त्यांतली एकोणीस बरोबर आली आणि एक चुकले. सातशे त्र्याऐंशी या संख्येला माझा संगणक ‘शून्य’ म्हणतो. हाताने केले तर सात, आठ, तीन मिळून अठरा, म्हणजे नऊ.

चूक कुठे आहे?

आणि आणखी एक विचारते. दोनशे चौऱ्याहत्तरच्या जागी सातशे चोवीस घेतले तरी उत्तर तेच येते. नुसते चार घेतले तरी तेच. मग त्या उत्तराकडे पाहून मूळ संख्या कोणती होती, हे कधी सांगता येईल का?

निशा

—

धानोरा
२३ डिसेंबर २०२४

चि. निशा हिस आशीर्वाद.

चूक माझी. अपवाद सांगावयाचा राहिला. जिच्यात एक तरी अंक शून्याहून निराळा आहे, तिच्या अंकांची बेरीज शून्य कधीही होणार नाही. शेष शून्य आला, तर तेथे नऊ समजावे. यंत्राला हे वेगळे सांगावयाचे नसेल तर संख्येतून आधी एक वजा कर, मग नवाने शेष काढ, मग तो एक परत मिळव.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर, नाही. मूळ संख्या सांगता येणार नाही. अंकांचा क्रम गेला, लांबी गेली, त्यात किती नऊ होते तेही गेले. अनंत संख्या नऊ दारांतून आत जातात आणि आत गेल्यावर एकमेकींपासून ओळखू येत नाहीत. हेच या क्रियेचे सामर्थ्य आहे.

तुझ्या पत्रांतील सूर आता शांत वाटतो. मनुष्याने हट्ट सोडला की बुद्धी स्वच्छ चालते. नवनीतला मी धुळ्याचे एक स्थळ पाहण्यास सांगितले आहे. मुलगा पाटबंधारे खात्यात आहे. भाग्यांक सहा.

नाना

—

पुणे
६ जानेवारी २०२५

नानांस नमस्कार.

धुळ्याच्या स्थळाला बाबांनी नकार कळवावा, असे मी त्यांना सांगितले आहे.

आता जे लिहिते ते शेवटपर्यंत वाचा.

संगणकातला कार्यक्रम बरोबर चालू लागल्यावर मी त्याला तारखा देऊन पाहिल्या. माझी दिली, नऊ आले. ईश्वरची दिली, चार. मग गंमत म्हणून त्याच्या खोलीतल्या मित्रांच्या तारखा मागितल्या. दोघे तुमच्याच शाळेतले. दोघांचेही चार. दोघांचीही जन्मतारीख एक जून एकोणीसशे पंच्याण्णव. मी विचारले, तुम्ही तिळे आहात का? तिघेही हसले. ईश्वर म्हणाला, आमच्या वर्गात चाळीस जण एकाच दिवशी जन्मले.

गेल्या आठवड्यात मी तळोद्याला गेले होते. धानोऱ्याला आले नाही, याबद्दल आजीची क्षमा मागते. तळोद्यात दोधूआबा भेटले. तुमच्या शाळेत बावीस वर्षे शिपाई होते तेच. त्यांनी सगळे अंगणात उभे राहून करून दाखवले. जूनमध्ये डोंगरातून बाप पोरांना घेऊन यायचे. पोराचा उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा. बोटे डाव्या कानाला लागली तर पोर सहा वर्षांचे, नाही लागली तर पुढच्या वर्षी आण. लागली की तुम्ही खुर्चीतून म्हणायचात, ‘एक जून’, आणि वर्षातून सहा वजा करायचात. दोन हजार एक वजा सहा. दोधूआबा म्हणाले, ईश्वरचे हात लांब होते, पाचवे लागले असताही कान सापडला असता.

तेव्हा नाना, ईश्वरचा चार हा आकडा त्याच्या हाताच्या लांबीतून आणि तुमच्या तोंडून आला आहे. त्यात ईश्वर कुठेच नाही. आणि तुम्हीच लिहिले आहे की आत गेलेली संख्या कोणती, ते उत्तरावरून सांगता येत नाही. तुम्ही मात्र त्या उत्तरावरून सबंध माणूस सांगितलात, आणि माझे घरही.

दाखल्यावर खाली सही तुमची आहे. तुम्हाला ती ओळखू आली नाही का?

निशा

—

धानोरा
१४ जानेवारी २०२५

चि. निशा हिस,

वडीलधाऱ्यांच्या शिपायाकडे जाऊन वडीलधाऱ्यांची चौकशी करावी, असे तुला या घरात कोणी शिकवले नाही.

तरी उत्तर देतो. शासनाला तारीख हवी होती. बाज्यासारख्यांना विचारले तर ते म्हणत, होळीच्या आसपास, किंवा मोह वेचायला गेलो होतो तेव्हा. तारखेवाचून नाव चढत नाही. नाव चढले नाही तर जेवण नाही, गणवेश नाही, पुढे दाखला नाही. एक जून लिहिले म्हणजे मुलाचे वर्ष वाया जात नसे. शेकडो मुले त्या एका तारखेवर शिकली. तुझा अभियंताही त्यांतलाच. याची मला लाज वाटत नाही आणि वाटणारही नाही.

ती तारीख व्यवहारासाठी होती, भाग्यासाठी नव्हे, एवढे मी मान्य करतो. नवनीतने कागद पुढे ठेवला तेव्हा इतका विचार झाला नाही. वय झाले आहे.

तेव्हा न्यायाचे बोलू. त्याच्या आईला विचार. होळीच्या किती दिवस आधी अथवा नंतर, कोणते वर्ष, त्या वर्षी काय घडले, हे तिला स्मरत असेल तर जुन्या पंचांगावरून खरी तारीख काढता येईल. ती मला कळव. मी पुन्हा गणित करीन. अंक अनुकूल आला तर मी स्वतः डोंगर चढून पंचांत येऊन बसेन. हा माझा शब्द आहे.

नाना

—

पुणे
२ फेब्रुवारी २०२५

नानांस नमस्कार.

रूपलीबाईंना, म्हणजे ईश्वरच्या आईला, विचारण्याची गरज पडली नाही. त्यांनी आपणहून सांगितले. त्यांना सगळे आठवते. काठीची होळी पाहून त्या परतल्या, त्यानंतर चौथ्या दिवशी पहाटे. बाज्याबाबा ज्या वर्षी पहिल्यांदा गुजरातेत ऊसतोडीला गेले, ते वर्ष. मी पंचांग काढले, तारीख काढली, तिचा अंकही काढला.

तो तुम्हाला कळवणार नाही.

प्रतिकूल असेल म्हणून लपवते, असे समजू नका. अनुकूल असेल म्हणून ऐट करते, असेही समजू नका. तुम्ही आलात तर त्या अंकासाठी याल, ईश्वरसाठी नाही. आणि उद्या कोणा मुलीला असाच अंक विचारून तुम्ही घरी बसवाल. मला अंकावर मिळालेला होकार नको.

पंच रविवारी, तेवीस फेब्रुवारीला, बाज्याबाबांच्या अंगणात बसणार आहेत. तळोद्याहून सकाळी आठला काठीकडे जाणारी जीप मिळते. दोधूआबा त्याच जीपने येणार आहेत, ते तुम्हाला सांभाळून आणतील. बाबा येणार आहेत. पण मुलीकडच्या वडीलधाऱ्याच्या जागेवर ते बसणार नाहीत. ‘नाना असताना मी कसा बसू’, एवढेच ते म्हणतात.

बोलणी ठरली की पंच मोहाची दारू एकाच भांड्यातून घेतात. ते तुम्हाला चालणार नाही, हे बाज्याबाबांनी माझ्याआधी ओळखले. तुमच्यासाठी नवे मडके आणून त्यात गुळाचे पाणी ठेवणार आहेत, आणि तुमच्या मडक्याला दुसरे कोणी हात लावणार नाही, असे त्यांनी मला बजावून सांगितले. त्यांना हे का सुचले असेल, याचा मी विचार करत नाही. तुम्ही करा.

या.

निशा

—

धानोरा
१२ फेब्रुवारी २०२५

चि. निशा हिस आशीर्वाद.

पत्र पोहोचले. उजवा गुडघा पंधरा दिवसांपासून सुजला आहे. वैद्यांनी चढउतार वर्ज्य सांगितली आहे. येईनच असे समजू नये. येणार नाही, असेही समजू नये.

नाना

—

पुणे
२६ फेब्रुवारी २०२५

नानांस नमस्कार.

दोधूआबांनी निरोप पोहोचवला, की तुम्ही निघायची तयारी केली होती पण गुडघ्याने उठू दिले नाही.

तुमच्यासाठी घोंगडी अंथरली होती, पंचांच्या मधोमध. बाज्याबाबा बोलणी सुरू करू देईनात. निरोप आल्यावरही त्यांनी दोनदा माणूस खाली रस्त्यापर्यंत पाठवला; दुसरी एखादी गाडी करून याल, असे त्यांना वाटत होते. ऊन कलल्यावर एक पंच म्हणाले, मुलीकडचे मोठे माणूस नाही तर आज उठूया. मी बाबांकडे पाहिले. बाबा जमिनीकडे पाहत होते.

तेव्हा दोधूआबा उठले आणि त्या घोंगडीवर जाऊन बसले. म्हणाले, मी हिला खांद्यावरून जत्रा दाखवली आहे, आजचा दिवस मीच हिचा आजा. पंचांनी बोलणी सुरू केली. लग्न ठरले. होळी झाल्यावर पाचव्या दिवशी आहे.

संध्याकाळी बाज्याबाबा माझ्याशी मराठीत बोलले. त्यांना सवय नाही, म्हणून हळूहळू. “गुरुजींचा पाय दुखतो. म्हाताऱ्या माणसाला घाट सोसत नाही. त्यांनी तारीख दिली म्हणून माझा पोरगा शाळेत बसला. त्यांना सांग, मी रागावलो नाही.”

सांगितले.

मी मात्र रागावले आहे. लग्नपत्रिका पाठवायची की नाही, अजून ठरवलेले नाही.

निशा

—

धानोरा
७ मार्च २०२५

चि. निशा हिस,

आशीर्वाद लिहिण्याचा अधिकार उरला आहे किंवा नाही, ते हे पत्र वाचून तू ठरव.

तेवीस तारखेस मी घरी नव्हतो. पहाटेच्या एस.टी.ने तळोद्याला आलो, तुझ्या आजीने बांधून दिलेली दशमी घेऊन. जीपमध्ये पुढे चालकाशेजारी मला जागा मिळाली, दोधू मागे होता. गाडी भरली तेव्हा एका म्हाताऱ्या बाईला बसायला जागा राहिली नाही. चालकाने तिला माझ्याजवळ बसवले. तिने मला ओळखले. मी तिला ओळखले नाही. ती आपल्या भाषेत काही बोलली आणि हसून, डोक्यावरून उजवा हात पलीकडे नेऊन तिने आपला डावा कान धरून दाखवला. तिच्या मुलालाही मी तारीख दिली असणार. मागची सर्व माणसे हसली. त्यात विष नव्हते. आपल्या माणसाची थट्टा करावी, तसे ते होते.

मला ते सहन झाले नाही. जेथे घाट सुरू होतो तेथे मी गाडी थांबवावयास सांगितली आणि उतरलो. दोधू खाली आला. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाला, “नाना, उतरू नका. तठे माणसं वाट देखी ऱ्हायनात.” मी त्याला गुडघ्याचे सांगावयास सांगितले. एकोणीस वर्षे त्याने माझे सांगितलेले ऐकले, तेही ऐकले. माझ्यासाठी खोटे बोलला, आणि मग माझी जागाही त्यालाच भरावी लागली. त्याचे पुण्य कोणत्या वहीत मोजावे, ते मला माहीत नाही.

आता तू सहा जानेवारीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर. नवनीतने दाखला पुढे ठेवला त्या क्षणी मी सही ओळखली होती. तारीखही ओळखली होती. विचार झाला नाही, असे मी लिहिले, ते असत्य होते. विचार झाला. ही तारीख माझीच आहे, ती कशावरून आली, हे मला पूर्ण ठाऊक होते. आणि तिचा अंक चार येतो हे पाहून मला हायसे वाटले. नऊ किंवा दोन आला असता तर मला दुसरे कारण शोधावे लागले असते. ते मी शोधलेच असते.

बाज्याला मी कार्यालयाच्या दारात उभा करीत असे. उंबऱ्याच्या आत त्याला कधी घेतले नाही. त्याने कधी मागितलेही नाही. त्याच्या अंगणात, एका घोंगडीवर, त्याच्या बरोबरीने बसावयाचे, हे माझ्याने होणार नव्हते. जन्मभर सर्वांभूती एकच आत्मा आहे असे मी सांगत आलो. लोक माना डोलवत आले. माझी मान कधी डोलली नाही, हे घाटाच्या तोंडाशी एकटा उभा असताना मला समजले. गाडी वळणाआड जाईपर्यंत मी तेथे होतो. मग पायी खाली आलो.

बाज्या रागावला नाही, असे तू लिहिलेस. त्याला खरे सांग. त्याला रागावण्याचा अधिकार आहे, आणि तोही मी अडवून ठेवू इच्छित नाही.

पत्रिका पाठवू नकोस. पाठवलीस तर मी पुन्हा निघेन, पुन्हा तळोद्यापर्यंत येईन, आणि घाट लागला की उतरेन. मला स्वतःविषयी एवढे आता खात्रीने माहीत आहे. तुझी आजी मात्र यावयाचे म्हणते आहे. तिला पुढे बसव.

हेमकांत